रापण ओढायला अख्खी वाडी, किनारा साफ करायला अकरा जण. ह्यालाच रिंगलमन इफेक्ट म्हणतात का?

सुरुच्या_सावलीत

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, आधीच माफी.

मी मालवणच्या वरच्या अंगाला, अगदी समुद्राला लागून असलेल्या एका वाडीत राहतो. सात वर्षं पुण्यात काढली, आता दोन वर्षं झाली घरी येऊन. आमच्या वाडीचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, १४३ मेंबर. गेल्या महिन्यात मी त्यावर टाकलं की रविवारी सकाळी सात वाजता किनारा साफ करायचा, थर्माकोल, बाटल्या, फाटकी जाळी, गुटख्याच्या पुड्या सगळं उचलायचं, हातमोजे आणि गोणी माझ्याकडून. ६२ अंगठे आले. मोजले मी. काहींनी तर दोनदोनदा हात जोडले. आणि रविवारी आले किती तर अकरा, त्यात तीन पोरं आणि एक काका जे कुत्र्याला फिरवायला आले होते आणि लाजेखातर थांबले.

राग आला पण गिळला. मग मंगळवारी सकाळी सहाला खाली गेलो तर रापण लागलेली, म्हणजे समुद्रात सोडलेलं मोठं जाळं सगळ्यांनी मिळून दोरीने किनाऱ्यावर ओढायचं काम. आणि दोरीवर कोण, तर तेच सगळे अंगठेवाले! गुडघाभर पाण्यात उभे राहून ओढतायत, घामाने निथळतायत, कोणी बोलवलं नव्हतं, कोणी मेसेज टाकला नव्हता.

आता खरा प्रश्न. मध्यंतरी वाचनात आलं की रिंगलमन नावाच्या एका फ्रेंच इंजिनियरने माणसांना दोरीच ओढायला लावून मोजलं होतं. एकटा माणूस १०० ताकद लावतो असं धरलं तर दोघं असले की प्रत्येकी ९३, तिघं असले की ८५ आणि आठ जण असले की प्रत्येकी ४९. म्हणजे आठ जण मिळून चार माणसांचं काम करतात. वाचून मला पहिली आठवली ती रापणच. आमच्याकडे एका दोरीवर वीस वीस माणसं असतात, ह्या हिशोबाने जाळं किनाऱ्याला लागायलाच नको. पण लागतं की रोज.

मग हा इफेक्ट किनारा साफ करताना लागू होतो आणि रापणीला होत नाही, असं का? का मी चुकीचं समजतोय? आणि पुढच्या वेळी माणसं आणायची कशी, कोणाला काही सुचत असेल तर सांगा. प्लास्टिकला मासे चिकटवा वगैरे विनोद करू नका, ते ग्रुपवर करून झालेत.

---

तांडेलाची_नात

दादा तुम्ही रापण ओढलीये का लांबून बघितलीये? रागावू नका हं, पण रापणीत टंगळमंगळ होत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?

माझा आजोबा तीस पस्तीस वर्षं रापणीवर होता. तो म्हणायचा दोरीवर दोन जातीची माणसं, एक ओढणारी आणि एक लोंबकळणारी. लोंबकळणाऱ्याला तो जवळ जाऊन हळूच विचारायचा, "झिला, तू दोरी ओढतस की दोरी तुका ओढता?" बस एवढंच, आरडाओरडा नाही काही नाही, पण आजूबाजूचे हसायचे आणि तो माणूस पुढचा अर्धा तास जीव तोडून ओढायचा.

आणि दोरीवर कुठे उभं राहायचं ह्याच्यातही सगळं असतं. पाण्यातल्या टोकाला जो असतो त्याला सुटका नाही, लाट येते, पाय सरकतात, ओढलं नाही तर तोच पाण्यात जाईल. मधले बरे. आणि अगदी मागे वाळूत दोरीचं वेटोळं करत बसणारा, तो सगळ्यात सुखी, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही असं त्याला वाटतं. पण वाळूत बसलेल्या म्हाताऱ्यांचं असतं ना! ज्यांना आता ओढवत नाही ते सगळे तिथेच बसलेले असतात आणि त्यांना दुसरा उद्योगच काय. कोण कधी आला, कोणी विडी प्यायला दोरी सोडली, कोण जाळं जवळ आल्यावर धावत आला, सगळं पाठ. वाटे पडायला लागले की ते बरोबर बाहेर येतं. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि मग माणसांचे वाटे. वाटेने जाणारा पाहुणासुद्धा मनापासून हात लावून गेला तर त्याच्या पिशवीत चार बांगडे पडतातच, पण शेवटच्या दहा मिनिटांत येऊन फोटो काढून जाणाऱ्याला पेडवासुद्धा मिळत नाही.

तुमच्या सफाईत वाटा काय होता? आणि वाळूत कोण बसलं होतं बघायला?

अजून एक, बायकांचं कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. दोरी सुटली की मासळी निवडायची, टोपल्या भरायच्या, डोक्यावरून वर न्यायच्या, हे सगळं आमच्याकडे. तिथे लोंबकळायची सोयच नाही. दोरी वीस जणांची असते, डोक्यावरची टोपली एकटीची असते.

---

मास्तर_रत्नांग्री

वरच्या ताईंनी जे सांगितलं तेच शोधायला मानसशास्त्राला १९१३ पासून १९८१ उजाडलं. मी कॉलेजात हाच विषय शिकवतो, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो, कंटाळा आला तर खाली सरका.

रिंगलमन हा शेतकी अवजारांचा इंजिनियर. त्याला माणसाच्या मनाशी घेणंदेणं नव्हतं, बैल, घोडा, माणूस आणि यंत्र ह्यांच्याकडून जास्तीत जास्त काम कसं निघेल एवढंच बघायचं होतं. प्रयोग १८८० च्या दशकातले, छापले १९१३ मध्ये. तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. पण गंमत अशी की तो स्वतः ह्याला आळस म्हणालाच नाही, म्हणजे मुख्य कारण म्हणून नाही. त्याचं म्हणणं, सगळ्यांचा झटका एकाच क्षणाला बसत नाही, एक ओढतो तेव्हा दुसरा श्वास घेत असतो, त्यात ताकद वाया जाते. रापणीवर सगळे एका सुरात आवाज देतात ना, तो उगाच नाही. दुसरं कारण त्याने जाता जाता लिहून ठेवलंय, तुरुंगात कैदी मिळून पिठाच्या गिरणीचा दांडा फिरवायचे त्यांच्याबद्दल, की प्रत्येकजण शेजारी जोर लावेल ह्या भरवशावर असायचा.

मग प्रश्न पडला की ह्यातलं ताळमेळ चुकल्यामुळे किती आणि अंगचोरीमुळे किती. ते वेगळं काढलं १९७४ मध्ये, इंगम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. युक्ती भारी होती. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, दोरीवर सगळ्यात पुढे उभं केलं आणि सांगितलं तुझ्या मागे अजून माणसं आहेत. मागची माणसं ओढतच नव्हती, नुसते कण्हल्यासारखे आवाज काढत होती. म्हणजे ताळमेळ चुकायचा प्रश्नच नाही, दोरीवर खरा एकटाच. तरी मागे एकजण आहे असं वाटल्यावर त्याचा जोर ९० टक्क्यांवर आला आणि दोघं आहेत असं वाटल्यावर ८५ वर. पुढे माणसं वाढवली तरी फारसा उतरला नाही. म्हणजे ४९ हा आकडा सगळाच्या सगळा आळशीपणाच्या खात्यात टाकू नका, त्यात ताळमेळाचाही मोठा वाटा आहे.

१९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स ह्या तिघांनी दोरी सोडून टाळ्या आणि ओरडणं घेतलं. माणसांना सांगितलं जमेल तितका मोठा आवाज करा. सहा जणांच्या घोळक्यात प्रत्येकी आवाज एकट्याच्या मानाने ४० टक्क्यांवर आला. तिथेही तीच युक्ती केली, कानावर हेडफोन आणि सोबत पाच जण ओरडतायत असा नुसता समज करून दिला, तरी ७४ टक्के. त्यांनी ह्या प्रकाराला सोशल लोफिंग असं नाव दिलं, आपल्या भाषेत सार्वजनिक अंगचोरी म्हणा. गणपतीत आरतीला उभे राहा आणि स्वतःच्या टाळ्या ऐका, मग कळेल. "सुखकर्ता" ला सगळ्यांचा आवाज असतो कारण ती पाठ असते, पण तिसऱ्या चौथ्या आरतीला निम्मे लोक नुसते ओठ हलवत असतात आणि पुढे उभा असलेला एकच काका सगळी आरती ओढून नेतो.

आणि १९८१ ला त्याच मंडळींनी दाखवलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं माणसाला कळलं की घोळक्यातसुद्धा अंगचोरी जवळजवळ नाहीशी होते. ताईंच्या आजोबांना हे आधीच माहीत होतं.

---

चाकरमानी_ठाणे

एवढं लांबलचक कशाला. दंड ठेवा. जो येणार नाही त्याने १०० रुपये द्यायचे, गोणी हातमोज्यांचा खर्च निघेल. आमच्या सोसायटीत मीटिंगला न येणाऱ्याला दंड आहे.

---

कातळावरचा

@चाकरमानी_ठाणे मग सोसायटीच्या मीटिंगला येतात का लोक? खरं सांगा.

आमच्याकडे ही चूक करून झालीये म्हणून सांगतो. दरवर्षी पाऊस संपला की आम्ही व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घालतो, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, त्याच्यावर खालच्या मळ्यांचं उन्हाळ्यातलं पाणी अवलंबून. पूर्वी घरटी एक माणूस यायचा. नाही आला तर दुसऱ्या दिवशी त्याला दुकानावर चार लोक विचारायचे की बाबा बरं नाही का, कमरेचं काय झालं वगैरे. तो ओशाळायचा आणि पुढच्या वर्षी सगळ्यात आधी घमेलं घेऊन हजर.

मग एक वर्ष कोणाच्या तरी डोक्यातून आलं की न येणाऱ्या घराने २०० रुपये भरावेत. झालं! त्या वर्षी सकाळी आठलाच फोन, "तुझो जीपे नंबर पाठव रे." मुंबईवाल्यांनी पाठवलं ते ठीक, पण गावात असलेल्यांनीपण पाठवलं. एकाने तर ५०० पाठवले आणि म्हणाला पुढच्या वर्षीचेपण धर, आणि बंधारा झाला की फोटो टाका! आता त्याला विचारणार काय, त्याने तर पैसे भरलेत. ओशाळायचं कारणच उरलं नाही. दोन वर्षांनी दंड बंद केला, तरी माणसं परत आली नाहीत आणि आता पैसेही येत नाहीत. मुलगीही गेली, हुंडाही गेला असली गत.

हे आमचंच झालं असं वाटत होतं, पण नंतर वाचलं की इस्राएलमध्ये हैफाला अगदी असंच झालं होतं. नीझी आणि रुस्टिकिनी असे दोघं अर्थशास्त्रवाले, त्यांनी १० पाळणाघरं घेतली. आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे, बाई खोळंबून राहायच्या. त्यातल्या ६ पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर १० शेकेल दंड लावला. उशीर कमी होईल असं वाटेल ना, तर उलट वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर केला की बाईंसमोर मान खाली जायची, आता ती जादा वेळेची फी झाली, भरली की मोकळे. आणि दंड काढून टाकल्यावरही उशीर होता तिथेच राहिला. २००० साली छापलंय त्यांनी.

म्हणून सांगतो, लाजेला एकदा दर लावलात की ती परत फुकट मिळत नाही.

---

चाकरमानी_ठाणे

मीटिंगला येत नाहीत. दंड भरतात. बरं, मागे घेतो.

---

खाजणातला_खेकडा

माका एक कळत नाय, ह्या सगळ्याक नावा कित्याक व्हयी? हो इफेक्ट, तो इफेक्ट. उद्या माझो झिल उशिरा उठलो तर त्याकय काय तरी जर्मन नाव मिळात.

आता जरा सरळ बोलतो. हे सगळे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवर केलेले, त्यांना हेडफोन घालून ओरडायला लावलं आणि त्यावरून मालवणच्या माणसाची परीक्षा. आपल्याकडे हे सगळं आधीपासून माहीत आहे. राजाने सांगितलं सगळ्यांनी रात्री हौदात एक एक तांब्या दूध ओता, सकाळी बघतो तर हौद पाण्याने भरलेला, प्रत्येकाला वाटलं सगळे दूध ओततील माझं एकट्याचं पाणी कोणाला कळणार. आजी सांगायची, खुलभर दुधाची कहाणी. त्याच्यात सगळं आलं, इंजिनियर लागला नाही.

---

तांडेलाची_नात

@खाजणातला_खेकडा ओ, ती खुलभर दुधाची कहाणी नव्हे! ती सोमवारची कहाणी, त्यात गावाने सगळं दूध खरंच देवळात नेऊन ओतलं, घरच्या पोरांना वासरांना उपाशी ठेवून, तरी गाभारा भरला नाही, आणि म्हातारीने आधी घरच्यांचं पोट भरून मग उरलेलं खुलभर दूध वाहिलं तेव्हा भरला. तुम्ही सांगताय ती अकबर बिरबलाची. आजीने बरोबर सांगितलं असणार, तुम्हीच झोपला असाल.

पण तुमच्या गोष्टीत एक शब्द चांगला आलाय, "रात्री". दिवसा ओतायला सांगितलं असतं तर दूधच आलं असतं.

---

मास्तर_रत्नांग्री

खेकडेरावांचा मुद्दा एकदम उडवून लावण्यासारखा नाही. नुसतं नाव दिल्याने काही समजत नाही, माझे विद्यार्थी पेपरात वीस इफेक्टांची नावं लिहितात आणि शेजारचा कॉपी करताना दिसला की मी बघितलंच नाही म्हणतात. पण सगळं अमेरिकेतच झालंय हे खरं नाही. कारू आणि विल्यम्स ह्यांनी १९९३ मध्ये असे ७८ अभ्यास एकत्र करून तपासले. अंगचोरी सगळीकडे सापडली, पण पूर्वेकडच्या देशांतल्या लोकांत कमी, आणि पुरुषांपेक्षा बायकांत कमी. शिवाय कामाला अर्थ आहे असं वाटलं, आपण केलं नाही तर होणारच नाही असं वाटलं, गट छोटा असला, माणसं एकमेकांच्या ओळखीची असली की ती उतरते.

उलट दिशेचाही प्रकार आहे. कोहलर नावाच्या जर्मनाने १९२० च्या दशकात बर्लिनच्या वल्हेकरी मंडळातल्या माणसांना जोडीने वजन उचलायला लावलं, अशा पद्धतीने की जोडीतला कमजोर गडी थांबला की दोघांनाही थांबावं लागेल. तेव्हा कमजोर गडी एकटा असताना जेवढा टिकायचा त्यापेक्षा जास्त टिकला, खास करून दोघांच्या ताकदीत फरक होता पण फार मोठा नव्हता तेव्हा. माझ्यामुळे दुसऱ्याचं अडायला नको, ही ती गोष्ट. रापणीत बारा तेरा वर्षांची पोरं बापाच्या पुढे उभी राहून ओढताना बघितलीत का कधी? हात सोलवटतात पण सोडत नाहीत.

---

तांडेलाची_नात

"पुरुषांपेक्षा बायकांत कमी." सर, हे वाक्य मी स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकलंय. ७८ अभ्यासांची गरज नव्हती, आमच्याकडे चतुर्थीच्या आदल्या रात्री एकदा स्वयंपाकघरात डोकावा.

---

गरी_टाकून_बसलेला

मासेमारीचं निघालंच आहे तर माझ्या आवडीची एक गोष्ट सांगतो. माणूस दुसऱ्यासमोर वेगळं वागतो ह्यावरचा अगदी जुना प्रयोग, १८९८ चा, ट्रिप्लेट नावाचा अमेरिकन, त्याने काय वापरलं असेल? गळाची रीळ! आधी त्याच्या लक्षात आलं होतं की सायकलवाले एकट्याने घड्याळ लावून पळवण्यापेक्षा दुसऱ्यासोबत जास्त वेगाने पळवतात. मग त्याने ४० मुलं घेतली आणि त्यांना रीळ फिरवायला लावली, एकदा एकट्याने, एकदा दुसऱ्याच्या शेजारी शर्यत लावून. २० मुलांचे हात जोरात चालले, १० जणांना काही फरक पडला नाही आणि १० जण उलट गडबडून मागे पडले.

त्या शेवटच्या दहांत मी. मला जाळं शिवता येतं, म्हणजे घरी पडवीत एकटा असलो की येतं. बंदरावर कोणी म्हातारा शेजारी येऊन बसला आणि नुसता बघत राहिला की सुई उलटी जाते, गाठ सुटते, त्याने तोंडातून शब्द काढलेला नसतो तरी.

ह्याचं उत्तर झायन्स नावाच्या माणसाने दिलं, १९६५ ला मांडलं आणि १९६९ मध्ये चक्क झुरळांवर करून दाखवलं. सरळ वाटेने पळायचं असेल तर बाकीची झुरळं बघत असताना झुरळ जास्त जोरात पळतं. वळणाची वाट असेल तर बघणारी झुरळं असली की त्याला जास्त वेळ लागतो. त्यासाठी काचेपलीकडे झुरळांना प्रेक्षक म्हणून बसवलं होतं, कल्पना करा. म्हणजे हातात बसलेलं सोपं काम लोकांसमोर चांगलं होतं, न बसलेलं काम लोकांसमोर बिघडतं.

बाटल्या उचलणं सरळ वाटेचंच काम आहे. त्यामुळे बघणारे पाहिजेतच. म्हाताऱ्यांना खाली आणा, खुर्च्या टाका, चहा द्या, ते बाकीचं बघून घेतील.

---

कातळावरचा

@सुरुच्या_सावलीत तुमच्या त्या ६२ अंगठ्यांबद्दल कोणी बोललं नाही. मला वाटतं खरा घात तिथेच झाला. १४३ जणांना एकत्र विचारलं म्हणजे कोणालाच विचारलं नाही.

वर मास्तरांनी सांगितलेला लाताने, त्यानेच डार्ली नावाच्या सोबत्याबरोबर १९६८ ला एक प्रयोग केला होता. माणूस खोलीत एकटा बसलाय, माइकवरून दुसऱ्यांशी बोलतोय, आणि मध्येच पलीकडच्या एकाला फिट आल्यासारखं ऐकू येतं. ते रेकॉर्ड केलेलं असतं, पण ह्याला माहीत नाही. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं तर ८५ टक्के लोक फिट चालू असतानाच उठून सांगायला गेले. अजून चार जण ऐकतायत असं वाटलं तर ३१ टक्के. आणि जे गेले नाहीत ते निर्दय नव्हते, नंतर विचारायला गेले तेव्हा त्यांचेच हात थरथरत होते, घाम फुटलेला. ठरवता येत नव्हतं एवढंच.

फिट आलेल्या माणसाची ही गत तर थर्माकोलची काय कथा. अंगठा दिला की माणसाला वाटतं आपलं काम झालं, आणि वरती ६१ अंगठे दिसतायतच, म्हणजे मी नाही गेलो तरी चालेल. मी तर म्हणतो तुम्ही अंगठे मागितलेच नसते तर जास्त आले असते. एकेकाच्या दारात जा. "काका, सुरुच्या झाडापासून व्हाळापर्यंतचा तुकडा तुमचा, दोन गोण्या ठेवून जातो." मग बघा.

---

खाजणातला_खेकडा

दारात जाणं पटलं. ग्रुपवरचा मेसेज मी वाचतच नाही, म्यूट आहे. गोष्ट बिरबलाचीच होती, आईला विचारलं.

आणि एक राहिलं, जे कोणी लिहिलं नाही. रापण लागली की मासे मिळतात हे बरोबर, पण पूर्वीसारखे मिळतात कुठे? भर समुद्रात पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्याच्या यांत्रिक बोटी, आणि मासे गोळा करायला एलईडी दिवे लावणारे आधीच खरवडून नेतात, कधी कधी तीन तास ओढून जाळ्यात तारली टोपलीभर आणि बाकी प्लास्टिक. तरी दुसऱ्या दिवशी माणसं दोरीवर असतात. त्याला वाटा हे कारण पुरत नाही. मी स्वतः जातो. घरात बसून करणार काय, सगळे खाली असतात. तिथे काल रात्रीचं भांडण कळतं, कोणाची सोयरीक कुठे जमली ते कळतं. नाही गेलो तर कोणीतरी विचारतं खंय होतस. ह्याला काय इफेक्ट म्हणतात मास्तर?

---

मास्तर_रत्नांग्री

ह्याला माझ्याकडे नाव नाही. असेल तर मला नको.

---

सुरुच्या_सावलीत

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. तांडेलाच्या नातीला उत्तर, होय, मी रापण लांबूनच बघितली होती. काल पहिल्यांदा दोरीला हात लावला. पाण्याच्या टोकाला जायची हिंमत झाली नाही, मध्ये उभा राहिलो, आणि इतके दिवस मनातल्या मनात ज्यांना नावं ठेवत होतो त्यातलाच एकजण मागून म्हणाला, पाय रोव रे, नुसतो हात लावून काय होतला. मला तीन बांगडे मिळाले. चार नाही, तीन. घरी येऊन विचार करत बसलो की एक कमी का.

आणि ओढता ओढता जाळ्यात काय काय येतं तेही बघितलं. खेकडेराव म्हणाले तसंच, चपला, पाण्याच्या बाटल्या, एक अख्खं डायपर. ते लोक प्लास्टिक जाळ्यातून काढून पुन्हा तिथेच वाळूत टाकत होते. मी मीटिंगा आणि मेसेज करत बसलो, पण रापणीच्या जागेवर दोन रिकाम्या गोण्या ठेवायचं मला दोन वर्षांत सुचलं नाही.

तर आता असं ठरवलंय. ग्रुपवर काहीच टाकायचं नाही. किनाऱ्याचे नऊ तुकडे केलेत, कोणाचं घर समोर येतं त्याप्रमाणे, आणि आज संध्याकाळपासून दारोदार जायला सुरुवात. रविवारी देवळाच्या बाजूला खुर्च्या टाकायच्या, सात आठ म्हातारी मंडळी येतो म्हणालीत, त्यातल्या एका आजीने विचारलं की बोलायचं की नुसतं बघायचं, मी म्हटलं नुसतं बघा, त्यावर त्या म्हणाल्या ते नाही जमायचं. दंड नाही. बक्षीसपण नाही. पण प्रत्येक तुकड्याची गोणी सगळ्यांसमोर वजन करायची असं मनात आहे, फळ्यावर लिहायचं. फक्त त्यासाठी मोठा काटा लागेल, निदान पन्नास किलोचा. कोणाकडे आहे का मालवण आचरा भागात?

---

तांडेलाची_नात

काटा आमच्या आईकडे आहे, लिलावाचा. रविवारी सकाळी दहापर्यंत ती बाजारात असते, त्यानंतर घेऊन जा. धुवून देईन पण वास जाणार नाही हे आधीच सांगते.

आणि चौथा बांगडा का नाही मिळाला ते मी विचारून सांगते.

---

चाकरमानी_ठाणे

मी शनिवारच्या रात्रीच्या गाडीने येतोय, घरचं काम आहे. मला एखादा छोटा तुकडा ठेवा. सावलीतला.

---

तांडेलाची_नात

@चाकरमानी_ठाणे व्हाळाच्या तोंडाचा ठेवलाय तुमच्यासाठी. विचारून कळलं, चौथा बांगडा द्यायचा होता, पण दादा मध्ये दोनदा फोनवर बोलायला बाजूला गेले होते म्हणे. म्हाताऱ्यांनी मोजलंय.